देवाला लावलेला बोल

देव पाण्यात ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. मुलाचा निकाल लागायचा असतो, जमिनीचा दावा कोर्टात उभा असतो, नाहीतर घरातले कुणी दवाखान्यात पडलेले असते. अशा वेळी घरातली म्हातारी देव्हाऱ्यातले देव उचलते, पाण्याने भरलेल्या घंगाळात ठेवते आणि काम होईपर्यंत बाहेर काढत नाही. देव गुदमरले म्हणजे आपोआप हातपाय हलवतील, असा तिचा साधा हिशेब. सकाळी ज्यांना गंध लावले, फूल वाहिले, त्यांनाच दुपारी ओलीस धरायचे! आणि यात आपण काही वावगे करतो आहोत, असे तिच्या स्वप्नातही येत नाही. हा वाक्प्रचार मराठीत इतका मुरला आहे की निवडणुकीचे निकाल जवळ आले म्हणजे उमेदवारांनी देव पाण्यात घातल्याचे वर्तमानपत्रे अजून छापतात.

देवाशी असे घरच्यासारखे वागायला आपल्याला संतांनीच शिकवले. नामदेव विठोबावर रुसतो. जनाबाई त्याला घरातल्या उनाड कारट्यासारखी फैलावर घेते. तुकोबांच्या गाथेत तर, माझ्यापुरता देव मेला, असे सांगून मोकळा होणारा अभंग आहे. आमच्या मंचरहून नाशिकच्या रस्त्याने आळेफाट्यापर्यंत जावे आणि कल्याणकडे वळावे, की ओतूर लागते. तिथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच, असे परंपरा मानते. त्या समाधीवर माथा टेकणाऱ्या कुणाला शिष्याच्या त्या अभंगाची लाज वाटल्याचे मी ऐकले नाही. अभंग म्हणणाऱ्याच्या अंगावर वीज पडल्याचेही ऐकिवात नाही.

हे सारे मी इतके दिवस गृहीत धरून चाललो होतो. ते गृहीत एका बाईंनी हलवले.

आमच्या आळीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी आळी त्यांना 'बाई' म्हणते, मीही म्हणतो. त्या ख्रिस्ती आहेत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या छत्री मिटवीत आमच्या ओट्यावर आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेले पवित्र शास्त्र होते.

"सर, तुम्ही मराठीचे. एका शब्दाचा अर्थ विचारायचाय."

शब्द होता 'दुर्भाषण'. कोशात सापडेल तसा अर्थ मी सांगितला : वाईट बोलणे, निंदा. बाईंची मान काही हलेना.

"तो मलाही ठाऊक आहे. तीस वर्षं मुलांना शब्दार्थच सांगितलेत मी. किती वाईट बोललं म्हणजे ते दुर्भाषण होतं, तेवढं सांगा."

चहा झाल्यावर हळूहळू कळले ते असे. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी गेली. बत्तिशीची. तापाचे निमित्त झाले आणि नऊ दिवसांत सारे आटोपले. त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून बाईंनी देवाला तोंडाला येईल ते ऐकवले. "मी म्हटलं, तुला डोळे नाहीत. म्हटलं, तू मेलेला आहेस." नात्यातल्या एका गृहस्थांनी ते ऐकले. दुखवट्याचे दिवस सरल्यावर केव्हातरी त्यांनी शुभवर्तमानातले एक वचन बाईंना काढून दाखवले. माणसाच्या सगळ्या पापांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याविरुद्ध केलेल्या दुर्भाषणाची होणार नाही, असा त्याचा आशय. तेव्हापासून बाई रविवारी उपासनेला जातात, शेवटच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजनाची भाकर जवळ आली की मान खाली घालतात. घेत नाहीत.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात माळकऱ्यांची परंपरा. या शास्त्रात मला अधिकार नाही, असे मी त्यांना सांगून पाहिले.

"अधिकारी माणसांना विचारलं," त्या म्हणाल्या. "ते धीर देतात. मला धीर नको, अर्थ हवाय."

एका मास्तराने दुसऱ्या मास्तराला असे म्हटल्यावर बसून वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो पावसाळा मी मराठी बायबल घेऊन बसलो. 'स्मृतिचित्रे' आणि फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' यांच्यामुळे त्या ग्रंथाशी माझी ओळख होती, पण ती वर्गात शिकवण्यापुरती.

पहिली गाठ पडली ती दहा आज्ञांशी. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको, आणि जो घेईल त्याला परमेश्वर निर्दोष समजणार नाही, अशी ही आज्ञा. प्रॉटेस्टंट मंडळी तिला तिसरी म्हणतात, कॅथलिक दुसरी. मला वाटले होते की हिचा रोख शिवीगाळीवर असेल. मुळात तिचा मोठा रोख खोट्या शपथेवर आहे. देवाला साक्षीला बोलवायचे आणि त्याच्यादेखत खोटे बोलायचे, हे ते व्यर्थ नाव घेणे. हे वाचल्यापासून बाजारात जाणे मला अवघड झाले आहे. कांद्याच्या एका ढिगाचा भाव ठरेपर्यंत तिथे दोन्ही बाजूंनी देवाची शपथ किती वेळा होते, हे ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक. येशूने तर शपथच नको म्हटले. तुमचे 'होय' ते होय असावे आणि 'नाही' ते नाही. असा कायदा उद्या अमलात आला तर लिलाव तासाभरात उरकतील.

पण पुढे वाचू लागलो तसा बाईंच्या भीतीचा उगमही कळू लागला. जुन्या करारात काही गोष्टी अंगावर काटा आणणाऱ्या आहेत. लेवीय नावाच्या पुस्तकात छावणीत दोघांची मारामारी होते, त्यात एकाच्या तोंडून परमेश्वराच्या नावाविषयी शाप निघतो आणि सगळी मंडळी त्याला दगडांनी मारते. कराराचा कोश गाडीवरून नेताना बैल अडखळतात, उज्जा नावाचा माणूस कोश पडू नये म्हणून हात लावतो आणि जागीच मरतो. बिचाऱ्याचा हेतू सांभाळण्याचाच होता. अलीशा संदेष्ट्याला गावातली पोरे टकल्या म्हणून चिडवतात, तो शाप देतो आणि रानातून दोन अस्वली येऊन बेचाळीस पोरांना फाडतात. ही गोष्ट मी दोनदा वाचली. माझ्या डोक्यावरची शेती गेली काही वर्षे ओसाड पडत चालली आहे आणि मागच्या बाकांवर त्याची नोंद झालेली आहे. पण वर्गात कुणालाही काही व्हावे असे मला कधी वाटलेले नाही, आणि संदेष्ट्याला तसे वाटावे याचे नवलच वाटले.

या गोष्टी वाचून मनात एक नियम तयार होतो : देवाचा अवमान केला की शिक्षा येते. मग माणूस तो उलटा वाचू लागतो. शिक्षा आली आहे, तर अवमान झालाच असणार. खरे संकट या उलट्या वाचनात आहे, आणि ते काही एका धर्माचे नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्याच आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. धो धो पावसात उतारावरची माती सुटली आणि घरांच्या घरे तिच्याखाली गेली. दीडशेहून अधिक माणसे मेली. अशा वेळी शोक ओसरण्याआधीच कुणीतरी विचारते, देवाचे काय चुकले असेल? आपण मराठीत असेच म्हणतो, 'देवाचे चुकले'. व्याकरणाने पाहिले तर चूक देवाची ठरते! म्हणायचे असते ते हे, की देवाच्या बाबतीत माणसांचे काही चुकले.

हाच प्रश्न येशूपुढेही आला होता. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे शहरातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे त्याने विचारले आणि उत्तरही दिले : नाही. पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल, हेही त्याने लगेच बजावले. ते लपवण्यात अर्थ नाही. पण मेलेल्यांच्या पापाचे मोजमाप त्यांच्यावर पडलेल्या दगडांवरून करू दिले नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, हे कुणाच्या पापाचे फळ, याचे की आईबापांचे, असे विचारले. तिथेही उत्तर तेच, कुणाच्याच नाही.

आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. या ग्रंथात देवनिंदेचा आळ कुणाकुणावर येतो, ते मी एका कागदावर टिपत गेलो. नाबोथाची कथा आमच्या भागात कुणालाही पटकन कळेल, कारण ती जमिनीची आहे. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. वाडवडिलांची जमीन देणार नाही, असे नाबोथ म्हणाला. राजा रुसून अंथरुणावर पडला. राणी ईजबेल हुशार. तिने गावच्या वडीलधाऱ्यांना राजाच्या नावे पत्रे धाडली, उपासाचा दिवस जाहीर केला आणि दोन भाडोत्री साक्षीदार उभे केले : नाबोथाने देवाला आणि राजाला शाप दिला. नाबोथाला दगडांनी मारले आणि मळा राजाचा झाला. सातबारा कोरा करण्याची याहून पवित्र रीत कुणाला सुचली नसेल. या कथेत देवाचा कोप होतो तो अहाबाच्या घराण्यावर.

कागदावरचे दुसरे नाव स्तेफनाचे. खोट्या साक्षी, देवनिंदेचा आरोप आणि दगड. तिसरे नाव खुद्द येशूचे. महायाजकाने आपली वस्त्रे फाडली, याने दुर्भाषण केले, आता साक्षीदार कशाला, असे म्हटले आणि सभेने त्याला मरणदंडास पात्र ठरवले. म्हणजे ख्रिस्ती धर्म ज्याच्या पायाशी उभा आहे तोच देवनिंदेच्या आरोपाखाली दोषी ठरलेला! स्तेफनाला मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत जो तरुण उभा होता, तो पुढे पौल म्हणून प्रसिद्ध झाला आणि आपण पूर्वी दुर्भाषण करणारा होतो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. पेत्राने तर शापशब्द उच्चारून आणि शपथ वाहून आपल्या गुरूची ओळख नाकारली. पुढे मंडळीची धुरा त्याच्याकडेच आली.

इतके ग्रंथात असूनही राज्य हाती आलेल्या ख्रिस्ती लोकांनी काय केले, ते सर्वांना माहीत आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्याच गोव्यात १५७९ साली स्टीफन्स उतरला आणि त्याने मराठी ओवीत ख्रिस्ताचे पुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. एकाच धर्माच्या दोन खोल्या, एकीत ओवी आणि दुसरीत साखळदंड. स्कॉटलंडमध्ये १६९७ च्या जानेवारीत टॉमस एकनहेड नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याला फाशी दिले. त्याने मित्रांत बसून धर्मग्रंथांची टिंगल केली होती. आमच्या वसतिगृहात रात्री अकरानंतर होणाऱ्या गप्पांना हा कायदा लावला तर परीक्षेला कुणी उरणार नाही. ब्रिटनमध्ये या गुन्ह्यासाठी फासावर गेलेला तो शेवटचा. इंग्लंडमधला देवनिंदेचा कायदा मात्र २००८ साली रद्द झाला. आपल्याकडे १९२७ साली दंडसंहितेत २९५-अ कलम आले, ते आता न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आहे. तेही देवाच्या अब्रूसाठी नाही, माणसांच्या धार्मिक भावनांसाठी आहे. देवाने अजून फिर्याद दाखल केलेली नाही.

कॅथलिक चर्चने १९९२ साली जो धर्मशिक्षणाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात देवनिंदेची व्याख्या वाचून मी थबकलो. देवाविषयी द्वेषाचे, तिरस्काराचे शब्द तिच्यात आहेतच. पण गुन्हे झाकण्यासाठी, लोकांना गुलाम करण्यासाठी, छळण्यासाठी किंवा ठार मारण्यासाठी देवाचे नाव वापरणे, हीदेखील देवनिंदाच, असे तो ग्रंथ सांगतो. ईजबेल राणी अखेर सापडली म्हणायची.

राहिले ते बाईंचे वचन. ते कुठल्या प्रसंगी आले, ते पाहिले. येशूने भूतबाधा झालेल्यांना बरे केले होते. यरुशलेमेहून आलेले शास्त्री ते पाहून म्हणाले, हा भुतांच्या राजाच्या बळावर भुते काढतो. त्या बोलण्यावर हे वचन आहे. समोर घडलेले भले डोळ्यांनी दिसते आहे, आणि तरी त्याला सैतानाचे काम म्हणायचे, हा तो अपराध. ऑगस्टीनने त्याचा अर्थ लावला तो मरेपर्यंत पश्चात्ताप न करण्याचा हट्ट असा. दुःखाने फुटलेल्या बाईची किंकाळी यांतल्या कशात बसते?

मी हे बाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, "हे आमच्या पाळकांनीही सांगितलं होतं. ज्याला ते पाप झाल्याची भीती वाटते त्याच्या हातून ते झालेलंच नसतं, असंही म्हणाले. पण भीती जात नाही त्याला काय करायचं?"

यावर मला जॉन बन्यन आठवला. त्याचा 'यात्रिकक्रमण' हरि केशवजींनी १८४१ सालीच मराठीत आणला आणि आपल्या आजे-पणज्यांच्या पिढीतल्या ख्रिस्ती घरांत तो वाचला गेला. बाईंच्या घरीही होता. त्या पुस्तकात लोखंडी पिंजऱ्यात बसलेला एक निराश माणूस आहे, ज्याला आता आपल्याला क्षमा नाही असे वाटते. तो पिंजरा बन्यनने ऐकून लिहिलेला नव्हता. आपल्या हातून तेच अक्षम्य पाप घडले या धास्तीत त्याने स्वतः दीर्घ काळ काढला होता, आणि १६६६ साली आत्मकथनात ते सारे लिहून टाकले. बाई म्हणाल्या, "म्हणजे तो बाहेर आला." आणि पुस्तक शोधायला घरी गेल्या.

मग मी त्यांना तुकोबांचा तो अभंग काढून दिला. यात माझा थोडा स्वार्थ होता. आपल्या घरची वस्तू शेजाऱ्याच्या उपयोगी पडावी असे कुणालाही वाटते. बाईंना तो नवा होता, पण परका वाटला नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे स्वतः सांगत. त्यांची पदे बाई लहानपणापासून गात आल्या आहेत. त्या पुलावर भांडणाचीही वाट आहे, एवढेच मी दाखवले. खरे तर ती वाट त्यांच्या शास्त्रातही आहे. स्तोत्रांच्या पुस्तकात देवाला, झोपलास काय, असे विचारलेले आहे. आणि वधस्तंभावर येशूने जो टाहो फोडला तोही स्तोत्रातलाच, देवाने आपल्याला का टाकले असे विचारणारा.

पण बाईंना धरून ठेवले ते ईयोबाच्या पुस्तकाने, आणि तेही त्यातल्या भाषेच्या एका गमतीने. ईयोबाची मुले, गुरेढोरे, सारे गेले, अंगभर फोड आले. तेव्हा बायको त्याला म्हणते, देवाला शाप द्या आणि मरा. मूळ हिब्रूत तिथे 'शाप' हा शब्दच नाही. तिथे शब्द आहे 'आशीर्वाद'! देवाच्या नावापुढे शाप हा शब्द लिहायला लिहिणाऱ्यांचा हात धजला नाही, म्हणून उलटा शब्द घातला, आणि वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे. नाबोथावरच्या आरोपातही तसेच. मी हे सांगितले आणि बाई एकदम हसल्या. किती दिवसांनी हसल्या कुणास ठाऊक.

"म्हणजे आपली बांगडी वाढवली!"

अगदी तेच. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दिवा विझवला म्हणत नाही, दुकान बंद केले म्हणत नाही. घरातून निघताना 'जातो' म्हणण्याची सोय नाही. तीन हजार मैलांवरच्या त्या लेखकूंनाही अशुभ शब्दाचे असेच भय होते, आणि त्यांनीही आपल्या आज्यांसारखीच तोड काढली. त्या दिवशी बाई त्या शब्दाशी बराच वेळ खेळत बसल्या. आपण जिन्यात जे बोललो तेही असे उलटे वाचता येईल का, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. मी विचारले नाही. त्या भाकर घेऊ लागल्या का, हेही मी विचारलेले नाही.

जाताना त्यांनी विचारले ते एवढेच, "ईयोबाच्या बायकोचं पुढं काय झालं?"

मी शोधले. ईयोबाचे तीन मित्र पानेच्या पाने देवाची बाजू मांडतात : तुला दुःख आले, म्हणजे तुझे पाप असणार. ईयोब ते मानत नाही; जन्माचा दिवस शापतो, देवाने समोर येऊन जाब द्यावा म्हणतो. शेवटी वावटळीतून देव बोलतो आणि ईयोबाला त्याची पायरी दाखवतो. पण मग मित्रांकडे वळून म्हणतो की माझा कोप तुमच्यावर आहे, माझ्याविषयी जे योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही बोलला नाहीत. मित्रांना सात बैल आणि सात मेंढे अर्पण करावे लागतात, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागते. बायकोचे नाव कुठेच येत नाही. ऑगस्टीनने तिला सैतानाची मदतनीस म्हटले. ग्रीक भाषांतरकारांना तिची कणव आली असावी. त्यांनी तिच्या तोंडी लांब भाषण घातले, ज्यात ती पोटच्या मुलांविषयी आणि दारोदार राबण्याविषयी बोलते. मूळ ग्रंथात मात्र ती एक वाक्य बोलते आणि गप्प होते. तिच्यावर वीज पडत नाही, अस्वली येत नाहीत, तिच्यासाठी कुणाला मेंढा द्यावा लागत नाही. शेवटच्या अध्यायात घर पुन्हा भरते. सात मुलगे होतात, तीन मुली होतात, मुलींची नावेही दिली आहेत. त्या कुणाच्या पोटी झाल्या, ते लिहिलेले नाही.